बजर वाजला म्हणजे केबल चांगली?

फौजेत केबल तपासायची एक पद्धत सगळ्यांना ठाऊक असते. मल्टिमीटर बजरवर लावायचा, एक प्रोब या टोकाला, दुसरा त्या टोकाला. 'टीं' असा आवाज आला की केबल पास. रजिस्टरमध्ये 'सर्व्हिसेबल', खाली सही, आणि मग चहा.

मी ई.एम.ई.मध्ये चोवीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी रेडिओ सेट, त्यांचे अँटेना आणि त्यांना जोडणाऱ्या केबली यांच्या संगतीत गेली. त्यामुळे या बजरबद्दल माझं मत जरा कडवट आहे. बहुतेक मीटरांत तीस-पन्नास ओहमच्या खाली काहीही असलं की तो वाजतो. तार आहे की तुटली, एवढंच त्याला कळतं. पण शील्ड असलेल्या केबलचा प्रश्न तेवढाच नसतो. तिथे भांडण ओहमचं नसून मिलिओहमचं असतं, म्हणजे ओहमच्या हजाराव्या भागाचं. सोन्याचं वजन करायला कोणी धान्याचा तराजू घेऊन बसावं, तसा तो बजर.

आता शील्ड म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांत सिग्नल्सचे जुने उस्ताद आहेत तसे इन्फन्ट्रीचे आणि घरची मंडळीही आहेत. घरातल्या टीव्हीची केबल सोलून पाहिली असेल तर आत मधोमध एक तार दिसते, तिच्याभोवती पांढरं प्लास्टिक, त्यावर बारीक तारांची विणलेली जाळी आणि सगळ्यांवर काळं रबरी आवरण. ती जाळी म्हणजे शील्ड. ती बाहेरचा नॉइज 'अडवते' असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. जाळी नॉइज अंगावर घेते आणि वाहून नेते. आपल्याकडे कौलारू घराला पन्हळ असते ना, तिच्यासारखं. पन्हळ पाऊस थांबवत नाही, पाणी धरून एका कडेला नेऊन सोडते. आणि पन्हळ गळते कुठे? मधल्या सलग पत्र्यात क्वचितच. जिथे दोन पत्रे एकमेकांवर चढवले आहेत, त्या सांध्यात.

केबलचंही तसंच. जाळी जिथे कनेक्टरला पकडली जाते तो सांधा, कनेक्टर जिथे सेटच्या बॉडीवर बसतो तो सांधा, मध्ये केबल वाढवली असेल तर तो सांधा. जाळीवरून वाहणारा नॉइजचा करंट या सांध्यांतून जातो. सांध्याला रोध असेल तर तिथे व्होल्टेज तयार होतं. हा साधा ओहमचा नियम, आठवीतला. फक्त हे व्होल्टेज बाहेर राहत नाही. ते आतल्या तारेच्या सर्किटमध्ये, खऱ्या सिग्नलच्या रांगेत जाऊन उभं राहतं आणि रिसीव्हरला दोघांतला फरक कळत नाही. बाहेरच्या करंटमुळे आत किती व्होल्टेज उमटतं या हिशेबाला ट्रान्सफर इम्पिडन्स म्हणतात. बेल लॅबमधल्या सर्गेई शेलकुनॉफ यांनी १९३४ मध्ये तो मांडला.

आकडे घालून पाहू. समजा जाळीवर शंभर मायक्रोअँपिअर नॉइज वाहतोय. हा काही मोठा करंट नव्हे. सांधा ढिला आहे आणि त्याचा रोध अर्धा ओहम आहे. आत पन्नास मायक्रोव्होल्ट उमटले. चांगला व्ही.एच.एफ. रिसीव्हर अर्ध्या मायक्रोव्होल्टचा सिग्नल ऐकतो. म्हणजे पलीकडचा माणूस ज्या आवाजात बोलतोय, त्याच्या शंभरपट आवाजात तुमच्या कानाशी कोणीतरी पत्रा खरवडतंय. तोच सांधा नीट बसवून एक मिलिओहमवर आणला तर शून्य दशांश एक मायक्रोव्होल्ट. खरवड गेली, माणूस ऐकू आला. आणि बजर? तो अर्ध्या ओहमलाही वाजतो आणि एका मिलिओहमलाही. त्याच सुरात.

हे सगळं वर्गात शिकवतात. पण ते अंगात मुरायला एखादी पोस्ट लागते. माझ्या बाबतीत ती लडाखमधली होती, २००० च्या दशकातली. नाव आणि उंची सांगत नाही, गरजही नाही. तिथे पोचायला शेवटचे दोन दिवस चालावं लागायचं, एवढं पुरे.

मी वर गेलो तो तक्रार आल्यावर. तक्रारीमागची गोष्ट मला पोस्टवरच्या ऑपरेटरने सांगितली. पोरगा जतकडचा. दुष्काळी भागातला असून बर्फात असा रुळला होता की बघत राहावं. त्याआधी पंधरा-एक दिवसांपूर्वी पोस्टवरच्या एका जवानाला हापो झाला. हापो म्हणजे उंचीवर फुप्फुसात पाणी साठणं. ज्यांनी तिकडे ड्यूटी केली आहे त्यांना हा शब्द ऐकला तरी पोटात गोळा येतो. यावर मुख्य औषध दोन, ऑक्सिजन आणि खाली नेणं. रात्रीची वेळ, बाहेर हवा खराब, खाली नेणं सकाळीच शक्य. नर्सिंग असिस्टंटने त्याला ऑक्सिजनवर ठेवलं. सिलिंडर मोजके होते, म्हणून नुकतंच वर आलेलं कॉन्सन्ट्रेटर मशीन लावलं. ते चालायचं जनरेटरवर.

आणि जनरेटर चालू झाला की रेडिओ मरायचा.

मरायचा म्हणजे बंद नव्हे. स्पीकरमधून एकसारखी टरटर सुरू व्हायची, जनरेटरचा वेग वाढला की टरटरही वाढायची. खालचं स्टेशन दूर, मध्ये डोंगराची सोंड, सिग्नल आधीच बारीक. तो त्या टरटरीत बुडून जायचा. एरवी पोस्टने यावर आपला तोडगा काढला होता. ठरलेल्या वेळी जनरेटर बंद, मेसेज घेणं-देणं, पुन्हा चालू. फौजी माणूस कशाशीही जुळवून घेतो, हा आपला गुण. आणि दोषही, असं मला वाटतं, कारण ज्याच्याशी जुळवून घेतलं त्याची तक्रार मग कोणी लिहीत नाही. पण त्या रात्री ठरलेली वेळ उपयोगाची नव्हती. खालून हवामानाचं, हेलिकॉप्टरचं, डॉक्टरसाहेबांच्या सूचनांचं बोलणं केव्हाही येणार होतं. टेलिफोनची लाइन बर्फाखाली कुठेतरी तुटलेली.

"मग काय केलंस?" मी विचारलं.

"काय करणार उस्ताद," तो म्हणाला, "जनरेटर बंद करायचा, नर्सिंगवाला सिलिंडर उघडायचा, मी सेटवर बसायचो. बोलणं झालं की ओरडायचो, मग पुन्हा जनरेटर. रात्रीत अकरा वेळा केलं. शेवटी शेवटी त्या थंडीत जनरेटर दोरी ओढून चालूच होईना, तवा मातूर घाम फुटला."

सकाळी हेलिकॉप्टर आलं, जवान खाली गेला आणि वाचला. पण पोस्ट कमांडर मेजरसाहेबांनी त्या रात्रीचा हिशेब मनात ठेवला होता. मी पोचलो, चहाचा मग हातात दिला आणि म्हणाले, "हवालदार साहब, मुझे दोनों चाहिए. ऑक्सिजन भी और रेडिओ भी. एक साथ."

सेट बदलून झाला होता, दोनदा. तेच होत होतं. अर्थिंगचा रॉड खोल ठोकून झाला होता. गोठलेल्या जमिनीत, दगडात, पहारीने, आणि त्या उंचीवर. ज्यांनी ते केलं त्यांना मी मनातून सलाम केला, पण त्याचा फायदा होणार नव्हता. अर्थिंगबद्दल आपल्याकडे एक श्रद्धा आहे. काहीही बिघडलं की अर्थ द्या. अर्थिंग वीज पडण्यापासून आणि शॉकपासून वाचवतं, ते हवंच. पण शील्डचं काम होण्यासाठी जमीन लागतेच असं नाही. विमानाला उडताना कुठे खुंटी ठोकलेली असते? शील्डला हवी असते सलगता. सेटच्या डब्यापासून अँटेनापर्यंत धातूचं एकच न फाटलेलं आवरण.

नॉइजचा उगम उघड होता. छोटा पेट्रोल जनरेटर, त्यात स्पार्क प्लग. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटासा ट्रान्समीटर. रेडिओचा इतिहासच मुळी ठिणगीच्या ट्रान्समीटरपासून सुरू होतो. ती ठिणगी पार व्ही.एच.एफ.पर्यंत पसरते. प्रश्न होता, ती सेटमध्ये शिरते कुठून?

आधी सेटवरून अँटेनाची केबल काढली आणि तिथे पन्नास ओहमचा डमी लोड लावला. जनरेटर चालू. टरटर गायब. म्हणजे नॉइज बॅटरीच्या वाटेने येत नव्हता, अँटेनाच्या दाराने येत होता. मग केबल पुन्हा सेटला लावली आणि तोच डमी लोड वर बंकरच्या छपरावर, केबलच्या दुसऱ्या टोकाला, अँटेनाच्या जागी बसवला. आता केबलला अँटेनाच नाही, टोक धातूच्या टोपीने बंद. सगळं आलबेल असेल तर शांतता हवी.

खालून जतकर ओरडला, "उस्ताद, टरटर हायच की!"

अँटेनाशिवाय नॉइज येतोय, म्हणजे केबलच अँटेना झाली आहे. मला ही चाचणी फार आवडते. लागतो तो खिशात मावणारा डमी लोड, आणि उत्तर हो किंवा नाही. ज्यांच्या हाताखाली असे सेट आहेत त्यांनी ती जरूर करावी. जनरेटरच्या वायरी आणि अँटेनाची केबल बंकरच्या एकाच भोकातून आत येत होत्या, चार-पाच मीटर शेजारी-शेजारी, एकाच दोरीने बांधलेल्या. दिसायला टापटीप. त्यामुळे जाळीवर नॉइज भरपूर चढत होता. पण तो चढला तरी सांधे धड असते तर बाहेरच राहिला असता.

केबलच्या मध्ये एक जोड होता. कोणीतरी केव्हातरी केबल पुरेना म्हणून दोन तुकडे कनेक्टरने जोडले होते आणि वर काळी टेप गुंडाळली होती, चांगली मनगटाएवढी. आधीच्या तपासणीत तो जोड बजरवर पास झालेला. तशी नोंदच होती.

मिलिओहम मोजायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं. साधा मल्टिमीटर इथे ओहमवर लावून उपयोग नाही, कारण त्याच्या स्वतःच्या वायरींचाच रोध ओहमचा दोन-तीन दशांश असतो. अशा वेळी चार तारांची युक्ती कामी येते. दोन तारांनी मोठा करंट पाठवायचा, आणि वेगळ्या दोन तारांनी फक्त सांध्यावरचं व्होल्टेज मोजायचं. मीटरच्या वायरींतून करंट जवळजवळ जातच नाही, त्यामुळे त्यांचा रोध हिशेबात येत नाही. बारा व्होल्टची बॅटरी घेतली, मध्ये गाडीच्या इंडिकेटरचा एकवीस वॅटचा बल्ब घातला. बल्ब म्हणजे लगाम, पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट सोडतो. तो करंट जाळीच्या एका टोकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. सांध्याच्या दोन्ही अंगांना आवरणातून जाळीपर्यंत टाचण्या टोचल्या आणि मीटर मिलिव्होल्टवर लावला. सांधा दोन मिलिओहमचा असेल तर साडेतीन मिलिव्होल्ट दिसायला हवेत.

दिसले सहाशेच्या वर. केबलला जरा हलवलं की आकडा दोनशेवर यायचा, सोडली की पुन्हा वर. म्हणजे ओहमच्या एक-तृतीयांशाहून जास्त. आणि बजर त्यावर मजेत वाजत होता.

इथे एक सूचना, कारण ही युक्ती कोणीतरी उद्या करून पाहील. जास्त व्होल्टेजने मोजलं तर सांध्यावरचा गंजाचा पापुद्रा करंटने जळून तात्पुरता फुटतो आणि खराब सांधा काही वेळ चांगला दिसतो. म्हणून एकच आकडा घेऊन खूश होऊ नये. हलवून, उघडून, पुन्हा बसवून मोजावं.

टेप सोडवली. आत काय असणार याचा अंदाज होता. जाळी कनेक्टरच्या नटाखाली नुसती दाबून बसवलेली. दिवसा ऊन, रात्री उणे तीस. प्लास्टिक थंडीत तांब्याच्या साधारण दहापट आकसतं. मोसमामागून मोसम ते आकसत-फुगत राहिलं आणि नटाची पकड गेली. टेपच्या पोटात वितळलेलं बर्फ शिरलं. विणलेली जाळी म्हणजे दिव्याची वात, पाणी ओढून घेते. कनेक्टरपासून वीतभर अंतरापर्यंत तांबं काळं पडलं होतं, कुठे हिरवं.

वीतभर नव्हे, हातभर केबल कापून टाकली, स्वच्छ तांबं लागेपर्यंत. आणि जोडच काढला. अँटेनाचा खांब दोन मीटर अलीकडे आणला तर केबल अखंड पुरत होती, हे मेजरसाहेबांनीच सुचवलं. टोकाचे दोन्ही कनेक्टर नव्याने बसवले. डाख द्यायला इस्त्री विजेची, म्हणजे जनरेटर चालू हवा. त्या वाऱ्यात कनेक्टरची पितळी बॉडी उष्णता अशी खायची की डाख वितळून पसरण्याआधीच थिजायचा, आणि थिजलेला डाख म्हणजे नवा खराब सांधा. शेवटी बंकरात बुखारीशेजारी बसून ते केलं. वरून रबरी टेप ताणून, मग साधी टेप, आणि केबलला खाली झोल देऊन पाणी तिथेच गळेल अशी बांधणी. जनरेटरच्या वायरी दुसऱ्या भोकातून नेल्या. स्पार्क प्लगला रोधवाली टोपी पुढच्या फेरीत मागवली. उगमही दाबावा आणि वाटही बंद करावी. या दोनपैकी एकावर भागवू नये असं माझं मत आहे.

नव्या टोकाच्या सांध्याचं माप चार मिलिव्होल्टच्या आत आलं. संध्याकाळी जनरेटर चालू ठेवून लिंक लावली. टरटर पूर्ण गेली नव्हती, कान देऊन ऐकली तर अँटेनातून थोडी येत होती. पण खालचा ऑपरेटर स्वच्छ ऐकू येत होता. जतकर त्याला विनाकारण तीनदा "हाऊ डू यू हिअर मी" विचारत बसला.

पुढे सपाटीवरच्या एका वर्कशॉपमध्ये बदली झाली, तेव्हा याच दुखण्याचं एक देखणं रूप पाहिलं. केबलची जाळी कनेक्टरला चारी बाजूंनी न बसवता तिची वेणी घालायची, चांगली दोन-अडीच इंच, टोकाला लग लावायचा आणि एका स्क्रूखाली कसायची. दिसतं सुबक, करायला सोपं. मिलिओहमचं यंत्र लावलं तरी पास होतं. पण त्या शेपटीला इंडक्टन्स असतो, सेंटिमीटरला साधारण दहा नॅनोहेन्री. पाच सेंटिमीटरच्या शेपटीचे पन्नास. तीस मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा भरतो नऊ ओहमच्या वर. डी.सी.ला दोन मिलिओहम, आणि जिथे आपला सेट काम करतो तिथे नऊ ओहम! म्हणजे मिलिओहम मोजणं ही पहिली परीक्षा झाली, शेवटची नव्हे. उंच फ्रिक्वेन्सीला सांधा गोल, चहूबाजूंनी बंद लागतो. टेलिफोन किंवा माइकच्या केबलीला गुणगुण येऊ नये म्हणून शील्ड एकाच टोकाला जोडायची पद्धत आहे. ती तिथे ठीक. रेडिओच्या केबलीला तोच नियम लावणारे भेटतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही, डमी लोड हातात देतो.

अमेरिकन मिल-स्टँडर्ड ४६४ मध्ये याचे आकडे दिलेले आहेत. केबलच्या शील्डपासून यंत्राच्या डब्यापर्यंत, मधले सगळे सांधे धरून, पंधरा मिलिओहमच्या आत. डब्यापासून गाडीच्या किंवा विमानाच्या सांगाड्यापर्यंत दहा. यंत्राच्या आतल्या एकेका सांध्याला अडीच. नव्या मालाला हे आकडे अवघड नाहीत. पाच वर्षं वाळूत, पावसात, धक्क्यांत काढल्यावर ते राहतात का, हे कोणी विचारत नाही.

या विषयावर बोलताना लोक हटकून फॉरेस्टल जहाजाची गोष्ट सांगतात. २९ जुलै १९६७, टोंकिनचं आखात, अमेरिकेची विमानवाहू युद्धनौका. डेकवरच्या एका फँटम विमानाचं झुनी रॉकेट आपोआप सुटलं, समोरच्या विमानाची टाकी फुटली, आग लागली, बॉम्ब फुटले आणि १३४ जण गेले. ई.एम.आय.च्या पुस्तकांत लिहितात की केबलच्या शील्डचा सांधा खराब होता आणि रडारची ऊर्जा तिथून शिरली. नौदलाच्या चौकशीत मात्र दुसरंच आहे. विमान बाहेरच्या विजेवरून स्वतःच्या विजेवर घेताना आलेला विजेचा झटका, आणि सुरक्षेच्या पायऱ्या गाळलेल्या. मला चौकशीचं म्हणणं पटतं. आपला विषय मोठा दिसावा म्हणून दुसऱ्याच्या दुर्घटनेला आपल्या अंगणात ओढू नये. रॉकेटच्या जवळच्या तारांत नको ती वीज यायला नको, एवढं मात्र दोन्ही गोष्टींत समान आहे.

लडाखमध्ये शत्रू होता थंडी. कच्छमध्ये तो मीठ होता. माझी शेवटून दुसरी पोस्टिंग तिकडे. रणाच्या कडेला हवेतच मीठ असतं, ओठावर जीभ फिरवली की चव लागते. तिथे रेडिओ लावलेल्या गाड्या होत्या. इंजिन चालू केलं की काहींच्या सेटवर शिट्टीसारखा सूर यायचा आणि अँटेनाची पोचही कमी व्हायची. एकाच युनिटच्या सात गाड्यांना एकाच महिन्यात हे व्हावं, याचं कारण शोधायला फार डोकं लागलं नाही. महिन्यापूर्वी इन्स्पेक्शन होऊन गेलं होतं.

आपल्या फौजेत इन्स्पेक्शन म्हणजे चुना आणि गेरू. झाडं, दगड, रस्त्याच्या कडा, जे हलत नाही ते रंगवून निघतं. गाड्यांनाही रंग. या गाड्यांचे अँटेना-बेस काढून, खालचा पत्रा छान घासून, दोन हात हिरवा रंग देऊन, तो वाळवून वर बेस पुन्हा बसवले होते. काम मनापासून केलेलं, एक थेंब ओघळला नव्हता. पण केबलची जाळी त्या बेसमधून गाडीच्या पत्र्याला मिळते. मध्ये रंग आला, की धातूला धातू लागत नाही. उरतो तो फक्त चार बोल्टांच्या आट्यांमधला मिठाने खाल्लेला रस्ता. बजर अर्थातच वाजत होता, बोल्टांच्या कृपेने.

रंग खरवडून नुसतं सोडून देता येत नाही. कच्छमध्ये उघडं ॲल्युमिनियम चार दिवसांत पांढरं पडतं आणि त्या पांढऱ्या पापुद्र्यातून वीज जात नाही. त्यात तांब्याचा लग ॲल्युमिनियमवर थेट ठेवला, वर खारट दमट हवा, की तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. म्हणून लग कल्हई केलेला वापरायचा, आपल्या पितळेच्या भांड्यांना करतात तीच कथील. सांध्याच्या पायाएवढाच पत्रा घासायचा, चकचकीत झाला की लगेच बेस ठेवून बोल्ट कसायचे, मोजायचं, आणि मग बाहेरच्या कडेने सीलंट आणि त्यावर रंग. सामान तेच, माणसं तीच, फक्त क्रम उलटा. आधी जोड, मग रंग.

तोपर्यंत वर्कशॉपला सांध्यांचा रोध मोजायचं यंत्र आलं होतं. दोन चिमटे असतात. एक केबलभोवती लावला की तो शील्डमध्ये करंट पाठवतो, दुसरा तो करंट मोजतो, आणि सगळ्या वळशाचा रोध पडद्यावर दिसतो. केबल सोडवावी लागत नाही, हा त्याचा खरा फायदा. प्रत्येक वेळी कनेक्टर उघडला-बसवला की तो थोडा झिजतोच. शील्ड दोन्ही टोकांना जोडलेली हवी, नाहीतर करंटला परतीची वाट नाही. एका तरुण क्राफ्ट्समनला मी ते काम दिलं. त्याने स्वतःहून एक वही केली. गाडीचा नंबर, सांधा, तारीख, मिलिओहम. सहा महिन्यांनी त्या वहीत दिसायला लागलं की कुठला सांधा तीनवरून सातवर आणि सातवरून अकरावर चाललाय. सेट अजून कुरकुरत नव्हता, पण पुढच्या पावसाळ्यात कुरकुरणार हे दिसत होतं. केबल हे आपल्याकडे अनाथ पोर आहे. सेटची हिस्ट्री शीट असते, इंजिनची असते, केबलची नसते. त्या पोराच्या वहीने पहिल्यांदा तिला जन्मपत्रिका मिळाली.

पुढच्या इन्स्पेक्शनच्या आधी युनिटचे सुभेदारसाहेब रंगाचे डबे घेऊन आले तेव्हा तो वही घेऊनच उभा राहिला. म्हणाला, साहेब, बेस खोलू नका, वरून रंगवा. सुभेदारसाहेब जुने, कडक, राजपूत. त्यांनी वही उलटीसुलटी करून पाहिली, त्यातलं फारसं वाचलं असेल असं वाटत नाही, पण त्याचं अक्षर नीटनेटकं होतं. त्यांनी बेस खोलू दिले नाहीत. इन्स्पेक्शनच्या रिपोर्टात अँटेना-बेसच्या कडेने रंगाची छटा जुळत नसल्याचा शेरा आला. पोराने तोही वहीत चिकटवून ठेवला.